एकतारी, दोनतारी : लेबलाचा गोंद सुईच्या टोकाने मोजताना

जुलैच्या अखेरीस लेबल स्टॉकचे सहा रोल आमच्या कारखान्यात परत आले. ग्राहक प्लॅस्टिकच्या डब्यांवर लेबले लावतो. त्याची तक्रार अशी होती की, यंत्रातून बाहेर पडलेले लेबल डब्यावर नीट बसण्याआधीच सरकते आणि त्याचे कोपरे उभे राहतात. मात्र तेच लेबल अंगठ्याने दाबून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी काढताना कागद फाटतो, पण गोंद सोडत नाही. म्हणजे गोंद धरतो, पण पटकन धरत नाही. पुण्याजवळच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत मी नेहमीच्या दोन चाचण्या लावल्या. २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी पोलादी पाटीवर चिकटवून, २४ तास ठेवून, मिनिटाला ३०० मिलिमीटर वेगाने १८० अंशांत सोलण्याची पील चाचणी रोलने सहज पार केली. लूप टॅक चाचणीत पट्टीचा फास करून तो काचेला त्याच वेगाने टेकवतात आणि लगेच वर ओढतात. त्या चाचणीचा आकडा मात्र एप्रिलमधल्या नोंदीच्या जेमतेम निम्मा आला. त्याच बॅचचा राखून ठेवलेला तुकडा आमच्या वातानुकूलित कपाटात २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत पडून होता, आणि त्याचा आकडा जागचा हलला नव्हता. परत आलेल्या रोलांनी अर्धा पावसाळा गोदामात काढला होता.

आमचा गोंद पाण्यातला आहे, म्हणजे अॅक्रिलिक इमल्शन. टू-एथिलहेक्झिल अॅक्रिलेट आणि ब्यूटिल अॅक्रिलेट ही त्यातील मुख्य द्रव्ये, सोबत थोडे अॅक्रिलिक आम्ल. पॉलिमरचे सूक्ष्म कण पाण्यात सुटे राहावेत, म्हणून त्यात साबणाच्या जातीचे सर्फॅक्टंट असते. हे दूध थेट लेबलच्या कागदावर ओतले जात नाही. ते आधी सिलिकोन लावलेल्या गुळगुळीत कागदावर, म्हणजे लायनरवर पसरवतात, ओव्हनमधून वाळवून काढतात आणि मग वरून लेबलचा कागद दाबतात. वाळलेला थर चौरस मीटरला २० ग्रॅम, म्हणजे साधारण २० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यामुळे जो पृष्ठभाग शेवटी डब्याला लागणार, तोच महिनोन्महिने लायनरला गाल लावून बसलेला असतो. माझ्या कामात हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

संशय दोन होते. उत्पादन विभागाचे म्हणणे असे, की नव्या लायनरचे सिलिकोन पुरते शिजलेले नाही आणि ते गोंदावर उतरते आहे. लायनरचा पुरवठादार नुकताच बदललेला असल्याने हा तर्क सर्वांच्या सोयीचाही होता. माझा संशय सर्फॅक्टंटवर होता, कारण दमट हवेत ते पृष्ठभागाकडे सरकते, हे इमल्शनच्या गोंदांबाबत जुनेच ज्ञान आहे. अवरक्त वर्णपट काढून पाहिला, पण त्या पद्धतीत प्रकाश एखादा मायक्रॉनभर आत शिरतो. काही नॅनोमीटर जाडीचा थर त्याखालच्या अॅक्रिलिकच्या गलबल्यात हरवून जातो. पृष्ठभागावरचे मूलद्रव्य थेट ओळखणारी क्ष-किरणांची पद्धत आहे, परंतु तिची रांग दिवाळीपर्यंत लागलेली होती. म्हणून शहरातील एका शिक्षणसंस्थेच्या उपकरण-केंद्रात मी तासाच्या भाड्याने अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, म्हणजे ए.एफ.एम., मागितला.

यंत्र सांभाळणाऱ्या मॅडमनी माझी डबी उघडून पाहिली आणि पहिलाच प्रश्न केला, “अहो, गोंद घेऊन आलात? माझ्या स्कॅनरवर सांडला तर?”

“सांडायचा नाही मॅडम, वाळलेला आहे.”

“वाळलेला आहे, तर चिकटतो कसा?”

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. दाब देताच चिकटणारा हा गोंद वाळल्यावरही घट्ट होत नाही. त्याचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याखाली तो काचेसारखा कडक होतो ते तापमान, शून्याच्या बरेच खाली असल्याने खोलीच्या तापमानाला त्याच्या साखळ्या हलत्या राहतात. तो समोरच्या पृष्ठभागाच्या खाचाखोचांत द्रवासारखा शिरतो आणि ओढला की घन पदार्थासारखा अडून राहतो. थ्री-एम कंपनीतल्या कार्ल डालक्विस्ट यांनी यासाठी घालून दिलेली अट आमच्या धंद्यात आजही उठता-बसता वापरली जाते : सेकंदाला एका आवर्तनाच्या वेगाने मोजलेला मॉड्युलस, म्हणजे पदार्थाचा ताठपणा, साधारण तीन लाख पास्कलच्या खाली असला पाहिजे. त्याहून ताठ पदार्थ हलक्या दाबाने पुरेसा टेकतच नाही, मग तो रसायन म्हणून कितीही चिकट असो.

ही अट मला तोंडपाठ होती, तरी पहिल्या दिवशी तिचा अर्थ मला कळला नव्हता. ए.एफ.एम.मध्ये एका लवचीक सूक्ष्म पट्टीच्या टोकाला सुमारे दहा नॅनोमीटर त्रिज्येची सिलिकॉनची सुई असते. पट्टी किती वाकली, हे तिच्या पाठीवरून परावर्तित होणारा लेसरचा किरण सांगतो. १९८६ साली बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी हे उपकरण मांडले, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. गोंद मऊ, म्हणून पट्टीही मऊ घ्यावी, असा सरळ विचार करून मी मीटरला ०.२ न्यूटन स्थिरांकाची पट्टी निवडली (स्थिरांक म्हणजे पट्टी वाकवायला किती बळ लागते, तो आकडा). सुई खाली उतरली, पृष्ठभागाजवळ येताच गपकन ओढली गेली आणि मग वर येईचना. सुई आणि नमुना यांतले अंतर कमी-जास्त करणाऱ्या स्कॅनरची पंधरा मायक्रॉनची सारी उंची संपली, पडद्यावर रेष सरळ खालीच राहिली. शेवटी मोटरने डोके उचलावे लागले. मॅडमनी पट्टी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा सुईच्या जागी एक चकचकीत थेंब दिसला. सुई त्याच्या पोटात होती.

घरी येऊन कागदावर हिशोब मांडला, तेव्हा चूक ध्यानात आली. पृष्ठताणाला मॉड्युलसने भागले की एक लांबी मिळते, आणि त्या लांबीच्या आतला घन पदार्थ पृष्ठताणापुढे नमतो. पोलादासाठी ही लांबी अणूहूनही लहान येते. आमच्या गोंदासाठी मीटरला ०.०३ न्यूटन भागिले एक लाख पास्कल, म्हणजे ०.३ मायक्रॉन. दहा नॅनोमीटरच्या टोकाला याचा अर्थ असा, की गोंद त्याला टेकत नाही, गिळतो. सुईच्या बाजूंवरून वर चढतो आणि मऊ पट्टीत त्याला उपटून काढण्याचे बळ नसते.

त्यामुळे पुढच्या खेपेस पृष्ठभागाचे चित्र काढण्यासाठी मीटरला ४० न्यूटनची ताठ पट्टी घेतली, ती ३०० किलोहर्ट्झच्या आसपास कंप पावत ठेवली आणि कंपनाचा आवाका मुद्दाम मोठा, शंभर नॅनोमीटरच्या घरात ठेवला. प्रत्येक ठोक्याला सुई गोंदाला शिवते आणि पट्टीत साठलेल्या ऊर्जेच्या जोरावर सुटून येते. आवाका कमी केला, की दोनचार ओळींतच सुई अडकायची.

नमुना तयार करणे हे या कामातले सर्वांत नावडते आणि सर्वांत निर्णायक प्रकरण. पोलादाच्या १५ मिलिमीटरच्या चकतीवर लेबलचा कागद खाली, गोंद वर, असा तुकडा बसवायचा असतो. आधी मी तो दुहेरी चिकटपट्टीने बसवला. म्हणजे मोजायच्या गोंदाखाली दुसरा गोंद, आणि तोही सावकाश खचणारा. तासाभरात उंचीचे चित्र एका बाजूला कलत गेले. नंतर पातळ इपॉक्सीचा थर लावून रात्रभर ठेवू लागले. लायनर मोजणीच्या दहा मिनिटे आधीच काढायचा, तोही एकाच दिशेने आणि न थांबता. झटक्याने ओढल्यास गोंदावर आडव्या रेघा उठतात. अशी एक रेघ मी पाऊण तास कौतुकाने तपासली होती. लायनर सुटताना स्थिरविद्युत तयार होते आणि ती धूळ ओढते, शिवाय पट्टीलाही वाकवते, म्हणून आयनीकरणाचा पंखा दोन मिनिटे समोर धरायचा. हाताला क्रीम लावायचे नाही, कारण बऱ्याच क्रीममध्ये सिलिकोन असते, आणि सिलिकोनचाच शोध घ्यायला निघालेल्या माणसाने ते घरून घेऊन जाऊ नये. इथे एक नोंद करते : लायनरवरचे सिलिकोन आणि सुईचे सिलिकॉन या दोन वस्तू वेगळ्या आहेत. आमच्या बैठकांत या एका मात्रेने निदान दोनदा गोंधळ घातला.

पहिले धड चित्र ऑगस्टच्या मध्याला मिळाले. राखीव तुकड्यावर इमल्शनचे कण अजून ओळखू येत होते, शेजारी शेजारी दाबून बसवलेल्या साबुदाण्यासारखे, कडा मिटत चाललेल्या. त्याखाली लांबवर पसरलेले उंचवटे होते. ते गोंदाचे नव्हतेच, लायनरच्या कागदाचा तो ठसा होता. परत आलेल्या रोलवर कण जवळजवळ दिसेनासे झाले होते आणि जागोजागी चपटे, वेड्यावाकड्या काठांचे डाग होते. कंपनाच्या कलांतराचे, म्हणजे फेजचे, चित्र काढल्यावर ते डाग आजूबाजूहून गडद आले. मॅडम आणि मी दोघीही खूश झालो. मग मॅडमनी फक्त ठोक्याचा जोर थोडा वाढवला, आणि गडद होते ते फिकट झाले.

फेजच्या चित्राबाबत माझे मत त्या दिवशी कायमचे बदलले. ते चित्र कडकपणा दाखवत नाही, चिकटपणाही दाखवत नाही. सुई प्रत्येक ठोक्याला किती ऊर्जा गमावते, ते दाखवते, आणि मऊ चिकट पदार्थावर त्या गमावण्यात टेकलेले क्षेत्रफळ, ओढ आणि आतली घसरण या सगळ्यांचे वाटे मिसळलेले असतात. जोर बदलला की वाटे बदलतात. डाग आहेत, एवढे त्या चित्राने सिद्ध झाले. डाग कशाचे, हे त्याच्याकडून वदवून घेणे शक्य नव्हते.

म्हणून बलवक्र काढायचे ठरवले. वक्र म्हणजे सुई एकाच जागी खाली न्यायची, ठरावीक बळाने टेकवायची, ठरावीक वेळ थांबायचे आणि ठरावीक वेगाने वर ओढत प्रत्येक उंचीवर किती ओढ लागते, ते नोंदवायचे. अणकुचीदार सुई गिळली जाते, हे कळलेलेच होते. म्हणून पट्टीच्या टोकाला ५ मायक्रॉन व्यासाचा काचेचा गोल चिकटवलेली पट्टी घेतली. गोलाची त्रिज्या माहीत असते, तो गोंदात फार बुडत नाही, आणि काचेचा असल्याने लूप टॅकमधल्या काचेशी त्याची तुलनाही ओढूनताणून वाटत नाही. जॉन्सन, केंडल आणि रॉबर्ट्स यांच्या १९७१ च्या सूत्राने अशा गोलाला चौरस मीटरला ०.०८ ज्यूल इतक्या आसंजनासाठी, म्हणजे दोन पृष्ठभागांच्या चिकटण्याच्या ऊर्जेसाठी, मायक्रोन्यूटनहून किंचित कमी बळ लागावे. प्रत्यक्षात कित्येक पट लागले. सूत्र चुकलेले नाही. ते लवचीक पदार्थासाठी आहे, आणि आमच्या गोंदात ओढताना होणारा ऊर्जेचा ऱ्हास हाच मुख्य खर्च आहे.

पट्टीचे कॅलिब्रेशन हा भाग कंटाळवाणा असला, तरी मला आवडतो. पेटीवर स्थिरांक मीटरला १४ न्यूटन असा छापलेला होता, सोबत दिलेली मर्यादा इतकी सैल, की तिच्यात काहीही बसावे. खरा स्थिरांक उष्णतेच्या थरथरीतून काढतात. हवेत मोकळी सोडलेली पट्टी खोलीच्या तापमानाने आपोआप कंप पावत असते. तो कंप मोजला आणि औष्णिक ऊर्जेशी त्याचा मेळ घातला, की स्थिरांक हाती येतो. आमचा १७ निघाला. एवढ्या ताठ पट्टीची थरथर नॅनोमीटरच्या साठाव्या भागाच्या आसपास असते. ती पडद्यावर टेकाडासारखी उमटलेली दिसली, तेव्हा बाहेर धो धो पाऊस कोसळत होता, जिन्यातून कुणीतरी खुर्च्या ओढत नेत होते, आणि तरीही ते टेकाड जागच्या जागी होते.

मग पहिला वक्र आला. स्वच्छ सिलिकॉनच्या चकतीवर गोल सुटतो, तेव्हा रेष खाली जाते आणि एका क्षणात उभी वर येते. धरले, सोडले, संपले. राखीव तुकड्यावर रेष खोल गेली, तिथून सावकाश वर येऊ लागली, मध्येच एक पायरी, मग एक लांब सपाटी, पुन्हा पायरी, आणि दीड-दोन मायक्रॉन ओढल्यावर शेवटचा धागा तुटला. स्वयंपाकघरात पाक झाला की नाही, हे अंगठा आणि तर्जनीमध्ये थेंब धरून पाहतात, आणि एकतारी की दोनतारी, ते बोटे लांब करत ठरवतात. समोर नेमकी तीच चाचणी चालली होती, फक्त बोटांच्या जागी काचेचा गोल होता आणि तारेची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजली जात होती.

परत आलेल्या रोलच्या वक्राने मला सुरुवातीला बुचकळ्यात टाकले. त्याची खोली, म्हणजे सर्वाधिक ओढ, राखीव तुकड्यापेक्षा थोडीशीच कमी होती. केवळ तोच आकडा घेऊन निघाले असते, तर गोंद जवळपास ठीक आहे, असे लिहून मोकळी झाले असते. फरक शेपटीत होता. इथे तार निघतच नव्हती. अर्ध्या मायक्रॉनच्या आत गोल सुटून येत होता. वक्राखालचे क्षेत्रफळ, म्हणजे गोल सोडवायला लागलेली एकूण ऊर्जा, निम्म्याहून खाली आली होती. कोकणात फणस कापताना हाताला आणि विळीला खोबरेल चोळतात. चीक त्यावर टेकतो, पण तार धरायला त्याला पाया मिळत नाही आणि तो अख्खा सुटतो. इथेही गोंदाच्या आणि काचेच्या मध्ये असे कुणीतरी येऊन बसले होते.

पण ते दाखवण्यापूर्वी स्वतःच्या मोजणीवरचा संशय फेडणे आवश्यक होते. तीस-चाळीस वक्रांनंतर गोलावर गोंद उरतो आणि मग तुम्ही काचेने गोंद नव्हे, गोंदाने गोंद मोजत असता. म्हणून दर दहा वक्रांनंतर स्वच्छ सिलिकॉनवर परत जाऊन वक्र घ्यायचा, आणि तिथली उभी रेष कलू लागली की मागचे दहाही रद्द करायचे, असा नियम केला. या नियमाने माझ्या पहिल्या दोन दिवसांचे अर्ध्याहून अधिक काम कचऱ्यात गेले. त्यात पावसाळ्याची भर. हवेतील ओलाव्यामुळे काच आणि सिलिकॉन यांच्यामध्ये पाण्याची सूक्ष्म कमान तयार होते आणि ती स्वतःची ओढ लावते. एका सकाळी तपासणीचा वक्र विनाकारण खोल आला, तो याच कारणाने. त्यानंतर नमुन्याभोवती कोरडा नायट्रोजन सोडून मोजू लागलो, आणि वहीत प्रत्येक वक्रासमोर आर्द्रता लिहू लागलो.

थांबण्याच्या वेळेने या प्रकरणातली मूळ गाठ सोडवली. गोल टेकवून लगेच उचलला, तर दोन नमुन्यांतला फरक मोठा. दहा सेकंद थांबून उचलला, तर कमी. पूर्ण मिनिट थांबल्यावर परत आलेल्या रोलवरही तार निघू लागली. (मिनिटभर थांबताना स्कॅनर स्वतः सरकत राहतो, म्हणून पट्टीचे वाकणे कायम ठेवणारे नियंत्रण चालू ठेवावे लागले, त्याशिवाय घेतलेले वक्र मी धरलेले नाहीत.) वेळ मिळाला की मऊ गोंद त्या डागांच्या कडेकडेने वाट काढून काचेपर्यंत पोहोचतो, असा मी याचा अर्थ लावला. २४ तास दाबून ठेवलेली पील चाचणी का उत्तीर्ण होत होती आणि क्षणभर टेकणारे लूप टॅक का पडत होते, याचे उत्तर त्यातच होते. ग्राहकाचे यंत्रही लेबलाला क्षणाहून अधिक वेळ देत नव्हते.

राहिला प्रश्न, डाग कशाचे. गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात मी दोन्ही नमुन्यांचे तुकडे शुद्ध केलेल्या पाण्याने हळुवार धुतले, नायट्रोजनने वाळवले, दोन तास कोरड्या डबीत ठेवले आणि पुन्हा यंत्राखाली आणले. सिलिकोन पाण्याने जात नाही, सर्फॅक्टंट जाते. धुतलेल्या रोलवर डागांच्या जागी उथळ खळगे उरले होते, कण पुन्हा दिसू लागले होते, आणि बलवक्राला शेपूट आली होती, राखीव तुकड्याइतकी लांब नाही, पण तिच्या जवळ जाणारी. राखीव तुकड्याच्या वक्रात धुण्याने फारसा फरक पडला नाही, आणि तेही तपासणे गरजेचे होतेच, नाहीतर पाण्यानेच गोंद सुधारतो, असे कुणीही म्हणाले असते.

धुतलेले पाणी मी परीक्षानळ्यांत भरून कारखान्यात आणले होते, वाफवून काही उरते का, हे पाहण्यासाठी. कोटिंग यंत्रावर वीस वर्षे काढलेले काका शेजारीच उभे होते. त्यांनी एक नळी उचलली, बोटाने तोंड बंद केले आणि खळखळ हलवली. नळीच्या वरच्या निम्म्या भागात पांढरा फेस भरला आणि तो बसेना. दुसरी, राखीव तुकड्याची नळी हलवली. तिच्यात फेसाची बारीक कडी आली आणि विरली.

“मॅडम,” ते म्हणाले, “हे आधीच हलवून पाहिलं असतं तर?”

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. नंतर सुचले ते असे : फेसाने साबण आहे हे कळते, तो प्रत्येक इमल्शनच्या गोंदात असतोच, तो पृष्ठभागावर डाग धरून बसला आहे आणि तार तोडतो आहे, हे फेस सांगत नाही. तरीही अहवालाला जोडलेल्या दहा आलेखांपेक्षा त्या दोन नळ्यांच्या छायाचित्राकडे बैठकीत अधिक वेळ पाहिले गेले, हे कबूल करते. लायनरच्या पुरवठादाराला पाठवण्यासाठी तयार ठेवलेले कडक पत्र त्याच दुपारी मागे घेण्यात आले.

बैठकीत आणखी एक मागणी झाली, आणि ती मी नाकारली. व्यवस्थापकांना प्रत्येक बॅचसाठी ए.एफ.एम.चा चिकटपणाचा एकच आकडा हवा होता, लूप टॅकच्या रकान्याशेजारी लिहिण्यासाठी. असा आकडा नसतो. मी ओढण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मायक्रॉनपासून ५० मायक्रॉनपर्यंत वाढवत नेला, तसतशी त्याच गोंदाची ओढ वाढत गेली. शिवाय दोन चाचण्यांचे वेग नुसते शेजारी ठेवूनही भागत नाही. लूप टॅकमध्ये सेकंदाला पाच मिलिमीटर वेगाने २० मायक्रॉनचा थर ताणला जातो, म्हणजे सेकंदाला थराच्या जाडीच्या अडीचशे पट. माझ्या गोलाखाली सेकंदाला दोन मायक्रॉनने फार तर मायक्रॉनभर रुंदीचा टेकलेला भाग ताणला जात होता, म्हणजे सेकंदाला दुपटीच्या आसपास. दोन्हीकडे गोंद तोच, पण त्याला दिलेली घाई शंभरपटीने वेगळी. म्हणून मी तक्त्यात आकड्याऐवजी ओळ लिहिली : इतका भार, इतका थांबा, इतका वेग, इतकी आर्द्रता, आणि मग वक्राखालचे क्षेत्रफळ. ओळ रकान्यात मावत नाही, अशी तक्रार आली. रकाना रुंद करून घेतला.

सप्टेंबरच्या शेवटी इमल्शनच्या पुरवठादाराने नवा नमुना पाठवला. त्यातील सर्फॅक्टंट पॉलिमरच्या साखळीतच रासायनिक बंधाने गुंफलेले आहे, त्यामुळे ते पृष्ठभागाकडे चालत जाऊ नये, अशी कल्पना आहे. ताज्या कोटिंगवर घेतलेले वक्र चांगले आले. पाण्याने धुण्याआधी आणि नंतर त्यांत फरक दिसला नाही. ताजे लूप टॅक मात्र जुन्या गोंदाच्या ताज्या आकड्यापेक्षा थोडे कमी आहे आणि विक्री विभागाला ते खटकते आहे. पावसाळा तोवर ओसरला होता, म्हणून दोन रोल ४० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवले आहेत, सोबत जुन्या गोंदाचे दोन. ते सहा आठवड्यांनी बाहेर काढायचे आहेत. उपकरण-केंद्रातला दिवाळीनंतरचा पहिला मंगळवार मी माझ्या नावावर लिहून ठेवला आहे, आणि मॅडमनी त्यापुढे पेन्सिलीने लिहिले आहे : “गोंद. जुनी टिप वापरणे.”